बिघाडातून घडलेली जवारी

इलेक्ट्रिक गिटारच्या स्वराला भरदार, खरखरीत रूप देणारे 'फझ पेडल' हे उपकरण जेमतेम अकरा सुट्या भागांचे असते. विठ्ठलवाडीसारख्या उपनगरातील घरातही ते तयार करता येते. मात्र ते 'चालणे' आणि ते 'वाजणे' यांत अंतर आहे, आणि ते अंतर अखेर कानानेच काटावे लागते.

ध्वनियंत्रणेच्या बाबतीत 'खरखर' हा तक्रारीचा शब्द आहे. रेडिओ खरखरू लागला की आपण त्याचा काटा हलवतो. मंडपातला कर्णा फाटल्यासारखा बोलू लागला की ध्वनिक्षेपकवाल्याला हाक मारतो. ध्वनी जसा आत गेला तसाच बाहेर यावा, ही चांगल्या ध्वनिवर्धकाची पहिली अट मानली जाते. इलेक्ट्रिक गिटारच्या जगात मात्र गेली सहा दशके ही अट हेतुपुरस्सर मोडली जाते आणि ती मोडणारे उपकरण वादक पैसे देऊन विकत घेतात. गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्यामध्ये जमिनीवर ठेवलेली, पायाने बटण दाबून सुरू करायची ही पेटी म्हणजे 'फझ पेडल'.

परदेशी बनावटीची नामांकित पेडले आपल्याकडे महाग पडतात. पण हे उपकरण आतून इतके साधे आहे, की शाळेत डाख देण्याचे काम शिकलेला विद्यार्थीही ते दोन सुट्यांच्या दिवसांत जोडू शकतो. ते घरी करण्याचे खरे कारण मात्र पैशांची बचत हे नाही. या मंडलातील महत्त्वाचा भाग असलेला ट्रान्झिस्टर निवडून, पारखून लावावा लागतो, आणि ही पारख ज्याने स्वतः केली, त्याला गिटारचा 'टोन' म्हणजे काय हे एरवी कळले नसते इतके नीट कळते.

नादुरुस्त वाहिनीची देणगी

या उपकरणाचा उगम एका बिघाडात आहे. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील नॅशव्हिल येथे गायक मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गीताचे ध्वनिमुद्रण सुरू असताना, ग्रेडी मार्टिन हे वादक सहा तारांच्या बास गिटारवर वाजवत होते. ध्वनिमिश्रणाच्या टेबलावरील ज्या वाहिनीतून त्यांचे वादन जात होते, तिचा ट्रान्सफॉर्मर नादुरुस्त झाला आणि गिटारचा मुलायम स्वर भुंग्यासारखा घोंगावू लागला. नियमानुसार तो तुकडा पुन्हा मुद्रित व्हायला हवा होता. तो तसाच ठेवण्यात आला. गाणे लोकप्रिय झाले आणि इतर कलाकार 'तसाच' आवाज मागू लागले.

ती वाहिनी पुढे पूर्णपणे बंद पडली, तेव्हा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच परिणाम ट्रान्झिस्टरच्या साह्याने साधणारे मंडल तयार केले. गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणले. त्याला खरी मागणी आली ती १९६५ मध्ये, रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यातील गिटार त्यातून वाजल्यानंतर. त्याच वर्षी लंडनमध्ये गॅरी हर्स्ट यांनी 'टोन बेंडर' तयार केले आणि १९६६ मध्ये आर्बिटर कंपनीचे गोल तबकडीच्या आकाराचे 'फझ फेस' आले. जिमी हेंड्रिक्स यांच्या वादनामुळे ते अजरामर झाले.

भारतही या लाटेपासून दूर नव्हता. सिमला सिगारेटच्या नावाने झालेल्या 'सिमला बीट' स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या ध्वनिमुद्रिकांत देशातील निरनिराळ्या शहरांतील वाद्यवृंदांची फझयुक्त गिटार ऐकू येते. मुंबईच्या 'अॅटॉमिक फॉरेस्ट' या वृंदाचा 'ऑब्सेशन ७७' हा संग्रहही याच परंपरेतला.

शिखर कापले जाते तेव्हा

गिटारची तार छेडली की तिच्याखालील 'पिकअप'मध्ये, म्हणजे चुंबकावर गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्यात, विजेची सूक्ष्म लहर निर्माण होते. ही लहर साधारणपणे व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. फझमधील दोन ट्रान्झिस्टर तिला शेकडो पटींनी वाढवू पाहतात. पण पेटीत बॅटरी असते ती नऊ व्होल्टची. नऊ व्होल्टच्या घरात चाळीस व्होल्ट उंचीची लाट मावणार कशी? तिचे शिखर वर आणि तळ खाली सपाट कापला जातो. गोलसर लाट जवळजवळ चौकोनी होते.

हा कापलेला आकार कानाला 'खरखर' म्हणून जाणवतो, पण त्यात घडते ते वेगळेच. लाट चौकोनी झाली की मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनसंख्येचे नवे सहायक नाद तिच्यात तयार होतात. वरची आणि खालची बाजू असमान कापली गेली, तर दुप्पट आणि चौपट कंपनांचे नादही त्यांत मिसळतात. मध्य सप्तकातील षड्ज धरला, तर दुपटीचा नाद म्हणजे तार षड्ज, तिपटीचा तार सप्तकातला पंचम आणि पाचपटीचा त्याच्याही वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार. तानपुऱ्यातून न छेडताच ऐकू येणारा 'स्वयंभू गंधार' तो हाच.

तानपुऱ्याची आठवण येथे सहज होते. तानपुऱ्याची घोडी सपाट नसून किंचित उतरती घासलेली असते आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवला जातो. त्यामुळे कंप पावणारी तार घोडीला पुन्हा पुन्हा निसटता स्पर्श करते आणि स्वरातून सहायक नादांचे तेजस्वी झुंबर लोंबू लागते. ही जवारी. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागिरांच्या कौशल्याचा मोठा भाग ही जवारी लावण्यात आहे. तार घोडीला घासते हा खरे तर 'दोष'. पण तो योग्य प्रमाणात घडवला की तोच वाद्याचा प्राण होतो. जवारीत हे काम लाकूड, हाड आणि दोरा करतात, फझमध्ये ते ट्रान्झिस्टर करतो. दोन्हींची रीत वेगळी, दोन्हींचे फळ मात्र एकाच जातीचे: स्वराला न मागता मिळालेले सहायक नाद.

पंचम चालतो, गंधार का खटकतो?

फझ लावून गिटारवर पूर्ण कॉर्ड वाजवला की नवशिक्याला धक्का बसतो. एकेक स्वर सुरेख वाजतो, षड्ज-पंचमाची जोडीही दणदणीत वाजते. पण तिच्यात गंधार मिळवला की चिखल होतो. यात वादकाची चूक नाही.

जवारीत प्रत्येक तार आपापली स्वतंत्र वाजते. फझमध्ये सहाही तारांचे स्वर एकाच मंडलातून, एकत्र कापले जातात. दोन स्वर एकत्र कापले गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे नाद जन्माला येतात. षड्ज दोनशे आणि पंचम तीनशे कंपनांचा धरू. वजाबाकी शंभर, म्हणजे बरोबर खालचा षड्ज. जोडी अधिकच भारदस्त होते. आता शुद्ध, स्वयंभू गंधार घेतला तर तो अडीचशे कंपनांचा; वजाबाकी पन्नास, तोही षड्जच. परंतु गिटारचे पडदे हार्मोनियमप्रमाणे समान अंतराच्या सप्तकात बसवलेले असतात. त्यांवरचा गंधार सुमारे दोनशे बावन्न कंपनांचा असतो. वजाबाकी बावन्न, आणि हा स्वर षड्जाशी जुळत नाही. एरवी खपून जाणारा हा दोन कंपनांचा फरक फझ उघडा पाडते. रॉक संगीतात केवळ षड्ज-पंचमाचे कॉर्ड इतके रुळले, त्यामागे हे गणित आहे.

अकरा भागांची जोडणी

घरी करण्यासाठी 'फझ फेस'चे मंडल सर्वांत सोयीचे. त्यात दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पोटेन्शिओमीटर, असे अकरा भाग असतात. हे भाग मिळवायला मुंबई महानगरातील रहिवाशांना फार हिंडावे लागत नाही. विठ्ठलवाडी हे मध्य रेल्वेवरील कल्याण आणि उल्हासनगर यांच्यामधले स्थानक. तेथून लोकल पकडून दादरला गाडी बदलली, की ग्रँट रोड स्थानकालगतचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, एका दिवसात जाऊन येण्यासारखा आहे.

पहिल्या प्रयत्नासाठी सिलिकॉनचे, एनपीएन जातीचे ट्रान्झिस्टर घ्यावेत. 'बीसी ५४८' कोणत्याही दुकानात मिळतो. जोडणीचा क्रम असा: गिटारकडून येणारी लहर २.२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला जाते. त्याचा एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला, म्हणजे मंडलाच्या 'ग्राउंड'ला. कलेक्टर ३३ किलो-ओहममधून धन टोकाला. हाच कलेक्टर थेट दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडायचा. दुसऱ्याचा कलेक्टर आधी ८.२ किलो-ओहम आणि पुढे ४७० ओहम अशा दोन रेझिस्टरमधून धन टोकाला जातो. या दोहोंच्या सांध्यातून ०.०१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमार्फत लहर बाहेर घ्यायची आणि ४७० किलो-ओहमच्या 'व्हॉल्यूम' पोटेन्शिओमीटरवर न्यायची. दुसऱ्याचा एमिटर एक किलो-ओहमच्या 'फझ' पोटेन्शिओमीटरमधून ग्राउंडला जातो. या पोटेन्शिओमीटरचा मधला पाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. शेवटी, दुसऱ्याच्या एमिटरपासून पहिल्याच्या बेसपर्यंत १०० किलो-ओहमचा रेझिस्टर.

हा शेवटचा रेझिस्टर मंडलाचा लगाम आहे. दुसऱ्या ट्रान्झिस्टरची लहर तो पहिल्याकडे परत पाठवतो आणि दोघांना तोलून धरतो. 'फझ' नियंत्रक जसजसा पुढे फिरवावा, तसतशी एमिटरवरील लहर २२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून परस्पर ग्राउंडला निघून जाते. परत पाठवायला काही उरत नाही, लगाम सैल होतो आणि मंडल बेभान वाढ करू लागते.

दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर मल्टिमीटरने सुमारे साडेचार व्होल्ट, म्हणजे बॅटरीच्या निम्मे, दिसायला हवेत. त्याहून बरेच कमी किंवा जास्त असतील तर स्वर तुटक येतो आणि तार मंदावताना मध्येच मरतो. म्हणून ८.२ किलो-ओहमच्या जागी दहा किलो-ओहमचा छोटा, पेचकसाने फिरवायचा 'प्रीसेट' बसवावा. सिलिकॉन ट्रान्झिस्टर असतील तर तो बहुधा ८.२ हून कमी मूल्यावर स्थिरावतो. साडेचारपासून सुरुवात करून, गिटार वाजवत तो किंचित पुढे-मागे करावा आणि जेथे स्वर कानाला भरेल तेथे थांबावे.

जर्मेनियमची गळती

सिलिकॉनचा फझ तीक्ष्ण आणि आक्रमक असतो. साठच्या दशकातील पहिल्या पेडलांचा उबदार, गोलाई असलेला स्वर हवा असेल, तर त्या काळचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर लागतात. येथे आपल्या देशाला एक जुना वारसा आहे. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने १९६२ मध्ये जर्मेनियम अर्धवाहकांचे उत्पादन सुरू केले. तिचे 'एसी १२७' आणि 'एसी १२८' हे ट्रान्झिस्टर देशी रेडिओंच्या अंतर्भागात वर्षानुवर्षे काम करत होते. 'एसी १२८' हा तर फझ तयार करणाऱ्यांचा जगभर आवडता. घराच्या पोटमाळ्यावर धूळ खात पडलेला एखादा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावा, तो यासाठी. जर्मेनियमचे नवे उत्पादन आता नगण्य आहे. जे रद्दीत जाते ते परत येत नाही.

मात्र हे ट्रान्झिस्टर गळतात. बेसला काहीही जोडलेले नसतानाही त्यांतून थोडा प्रवाह वाहत राहतो. बाजारातल्या साध्या मल्टिमीटरची ट्रान्झिस्टर मोजण्याची सोय ही गळतीदेखील वाढीच्या गुणांकात मोजते आणि फसवा आकडा दाखवते. त्यावर अनुभवी मंडळींची रीत सोपी आहे. 'एसी १२८' हा पीएनपी जातीचा असल्याने त्याचा एमिटर नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकाला जोडावा आणि कलेक्टर २.४ किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून ऋण टोकाला. बेस मोकळा ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजावा. हा गळतीचा आकडा. मग बेस २.२ मेगा-ओहमच्या रेझिस्टरमधून ऋण टोकाला जोडून पुन्हा मोजावे. दोन आकड्यांतील फरकाला शंभराने गुणले की खरा गुणांक मिळतो. समजा, पहिला आकडा ०.३ आणि दुसरा १.१ व्होल्ट आला. फरक ०.८, म्हणून गुणांक ऐंशी. गळतीचा हिशेब न करणारा हाच ट्रान्झिस्टर एकशे दहाचा समजून बसेल. पहिल्या जागी सत्तर-ऐंशीच्या आणि दुसऱ्या जागी एकशे दहा ते एकशे तीसच्या आसपासचा ट्रान्झिस्टर चांगला वाजतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

मोजण्यापूर्वी ट्रान्झिस्टर बोटांत धरून ठेवू नये. तापमान दहा अंशांनी वाढले की जर्मेनियमची गळती ढोबळमानाने दुप्पट होते. बोटाची ऊबही आकडा चढवते. याचा दुसरा अर्थ असा, की जानेवारीच्या रात्री सुरेल वाजणारे पेडल विठ्ठलवाडीच्या मे महिन्यातील दुपारी, पत्र्याच्या छपराखाली, वेगळेच बोलू शकते. हवामानाने उतरणारा तानपुरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. प्रीसेट पेटीच्या बाहेरून फिरवता येईल असा बसवला, तर ऋतुमानाप्रमाणे तो पुन्हा जुळवता येतो.

पीएनपी ट्रान्झिस्टर वापरताना बॅटरी आणि ध्रुव असलेले कपॅसिटर उलटे जोडावे लागतात. येथे धन टोक हेच ग्राउंड असते. म्हणून असे पेडल इतर पेडलांबरोबर एकाच अॅडॉप्टरवर चालवू नये, शॉर्ट सर्किट होते. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. डाख देताना ट्रान्झिस्टरचा पाय पकडीत धरावा, म्हणजे उष्णता पकडीत उतरते. त्याहून बरे म्हणजे सॉकेट लावून ट्रान्झिस्टर शेवटी खोचावा. सॉकेटमुळे चार-सहा ट्रान्झिस्टर आलटून पालटून ऐकताही येतात.

डबा, बॅटरी आणि शेजारी

मंडल उघडे ठेवले तर घरातील वीजवाहिन्यांची पन्नास कंपनांची गुणगुण त्यात शिरते, कारण शेकडो पटींची वाढ तिलाही लागू होते. म्हणून पेटी धातूचीच हवी आणि ती ग्राउंडला जोडलेली हवी. अॅल्युमिनियमचा जेवणाचा डबा या कामी उत्तम. त्याला भोके पाडणे स्टीलपेक्षा पुष्कळ सोपे. सिलिकॉनच्या फझमधून कधी कधी रेडिओ केंद्राचा कार्यक्रमही ऐकू येतो. अशा वेळी ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेस यांच्यामध्ये शंभर पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर लावावा.

आत येण्याचा जॅक स्टिरिओ घ्यावा आणि बॅटरीचे ग्राउंडकडील टोक त्याच्या मधल्या संपर्कातून न्यावे. गिटारची साधी पिन आत गेली तरच मंडल पूर्ण होते. ती काढली की बॅटरी आपोआप बंद. पायाने दाबायचे बटण असे जोडावे, की पेडल बंद असताना गिटारची लहर मंडलाला न शिवता थेट पुढे जाईल. इतर पेडले असतील तर फझ सर्वांत आधी, गिटारला थेट जोडावे. या मंडलाचा बेस पिकअपवर बराच भार टाकतो आणि त्या दोघांच्या परस्पर ओढाताणीतूनच स्वराची गोलाई येते. गिटारवरील व्हॉल्यूम थोडा कमी केला तरी खरखर निवळून स्वर स्वच्छ होतो, तोही याच कारणाने. मध्ये दुसरे उपकरण आले की ही गंमत हरवते.

आणखी एक लाभ उपनगरातील एका खोलीच्या संसारात विशेष मोलाचा. फझ येण्यापूर्वी असा स्वर हवा असेल तर ध्वनिवर्धक पूर्ण क्षमतेने कडाडवावा लागे, किंवा १९६४ मध्ये किंक्स या वृंदाच्या डेव्ह डेव्हिस यांनी केले तसे स्पीकरचा कागद पात्याने चिरावा लागे. फझमध्ये लाट पेटीतच कापली जाते. पुढचा ध्वनिवर्धक कितीही हळू ठेवला तरी स्वर तोच राहतो आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याची झोप मोडत नाही.

अस्सल कोणते, नक्कल कोणती?

१९४९ मध्ये सिंधी निर्वासितांची वसाहत म्हणून वसलेल्या उल्हासनगरची जुनी थट्टा सर्वांना ठाऊक आहे: तेथील मालावरचा 'यूएसए'चा शिक्का म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'. या थट्टेत हेटाळणी आहे, तशीच हाताच्या कसबाला दिलेली दादही आहे. फझचा इतिहास पाहिला तर ही थट्टा तेथेही लागू पडते. 'टोन बेंडर'चा जन्म अमेरिकेच्या 'फझ-टोन'मध्ये फेरफार करून झाला. 'फझ फेस'चे मंडल 'टोन बेंडर'च्या एका आवृत्तीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. ज्यांना आज अस्सल मानले जाते, ती सारी एकमेकांची नक्कल आहेत.

तरीही दोन फझ सारखे वाजत नाहीत, कारण दोन ट्रान्झिस्टर सारखे गळत नाहीत. नकाशा सर्वांना उपलब्ध आहे. वेगळेपण येते ते निवडीतून. मिरजेचा कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा कानस फिरवतो. घरी फझ जोडणाऱ्याने मल्टिमीटर बाजूला ठेवून, ट्रान्झिस्टर बदलून, प्रीसेट केसभर फिरवून नेमके हेच करायचे असते. ज्या घटकेला त्याला खरखर आणि जवारी यांतला फरक ऐकू येऊ लागतो, त्या घटकेला त्याचे पेडल पूर्ण झाले असे समजावे.